पुरावा: माझी मुंज

परवा दुपारी जेवणं आटोपून जरा आडवी होणार, तेवढ्यात सवयीनं फोन उघडला. आमच्या तक्त्यात कुणीतरी भाग 19 चा भाग 20 करून ठेवला होता. लाल अक्षरांत, आणि कारण न देता. झोप गेली ती गेलीच.

तक्ता म्हणजे साधी एक्सेल शीट. ऐंशीच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर लागलेल्या एका मराठी मालिकेची. मालिकेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही हा लेख इथेच टाकून 'अहो, त्यात ती अमुक होती ना, पुढे नाटकात गेली ती?' असं सुरू कराल, आणि ते काम आम्ही दहाबारा रिकामटेकड्यांनी आधीच अंगावर घेतलेलं आहे. आम्ही एकमेकांना कधी भेटलेलो नाही. एक बाई नागपूरच्या, एक काका चिपळूणचे, एकजण न्यू जर्सीत; तो आपण झोपल्यावर कामाला लागतो आणि सकाळी उठून बघावं तर सगळ्या वेलांट्या दुरुस्त. आडव्या ओळींत भाग. उभ्या रकान्यांत तारीख, लेखक, कलाकार, आवाज उपलब्ध आहे का, चित्र उपलब्ध आहे का. आणि सगळ्यांत शेवटी 'पुरावा'.

या शेवटच्या रकान्यावर माझा जीव आहे. बाकीचं मी बघते, हा वाचते. 'धाकटी बहीण झाली ती रात्र. बाबा दवाखान्यात, मी शेजारी.' 'दहावीच्या भूमितीच्या पेपरची आदली संध्याकाळ. बघू दिला नाही, पण भिंतीतून ऐकला.' 'आमच्याकडे रंगीत टीव्ही आला तो आठवडा. नायिकेची साडी हिरवी निघाली, तोवर मी निळी धरून चाललो होतो.' आणि भाग 19 समोर: 'माझ्या मुंजीच्या आदल्या दिवशी. पाहुणे आलेले, सगळे टीव्हीसमोर, आचाऱ्याला विचारायला कुणी उठेना.'

चिपळूणच्या काकांना हे अजिबात मान्य नाही. मुंज हा पुरावा होऊ शकत नाही, म्हणतात. त्यांना वर्तमानपत्राचं कात्रण लागतं. काका दर शनिवारी वाचनालयात जाऊन जुन्या अंकांच्या बांधीव फायली काढतात, 'दूरदर्शनवर आज' अशी आगपेटीएवढी चौकट शोधतात आणि तिचा फोटो पाठवतात. फोटोत त्यांचा अंगठाही असतो. कष्टाचं काम आहे, नावं ठेवणार नाही. पण छापलेला कार्यक्रम म्हणजे काय लागणार होतं ते; लागलं काय हे त्या चौकटीला कुठून कळणार? सामना लांबला, कुणी नेता गेला, पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी येऊन बसली, की त्या दिवसाचं सगळं पुढे. 31 ऑक्टोबर 1984 नंतर कितीतरी दिवस आपण टीव्हीवर काय बघत होतो ते तुम्हाला आठवत असेल. त्या आठवड्याचे कार्यक्रम छापून आधीच तयार असणार.

बरं, मोठमोठ्या मालिकांचं तरी कुठे जुळतं? 'हम लोग' 7 जुलै 1984 ला सुरू झाली. तिच्यावर अमेरिकेतल्या विद्यापीठांत संशोधन झालं. तरी तिचे भाग कुणी 154 सांगतं, कुणी 156. दोन भाग म्हणजे काही टाचणी नव्हे. बडकी, मझली, छुटकी घरोघरच्या लेकी झाल्या, शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगून जायचे, लोकांनी लाखांनी पत्रं लिहिली. मोजत मात्र कुणी बसलं नाही. पुढच्या आठवड्यात मझलीचं काय होणार या काळजीत असलेल्या माणसाला हा कितवा भाग, हे विचारण्याची शुद्ध असते का?

आमच्या घरी ती शुद्ध होती. आत्याला. आत्या बँकेत होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि तिच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची लांबोडकी वही होती. मालिका संपली की नावं पडायची, तीही कशी, तर भराभर. पुढच्या कार्यक्रमाची घाई असली की मध्येच तोडून टाकायचे. मग आत्यानं कामाची वाटणी केली. दादानं पहिली नावं वाचायची, मी आडनावं, आणि ती लिहिणार. आम्ही दोघं पडद्यापासून हातभर अंतरावर उकिडवे, मागून आई ओरडतेय की डोळे जातील, आणि आम्ही पाढे म्हणावेत तशी नावं म्हणतोय. या पद्धतीत कधी मी एक ओळ पुढे असायची, कधी दादा मागे. असा एकाचं नाव आणि दुसऱ्याचं आडनाव मिळून वहीत एक नवाच नट जन्माला आला. त्यानं तीन भागांत काम केलंय. नागपूरच्या बाईंनी गेल्या महिन्यात त्याला तक्त्यातून काढून टाकलं. योग्यच केलं म्हणा. पण मला चुटपुट लागून राहिली.

आत्याचा एक हेका होता. मुख्य भूमिका ती लिहायचीच नाही. 'त्यांना लक्षात ठेवायला लोक आहेत की,' म्हणायची. तिच्या वहीत फक्त पोस्टमन, दूधवाला, लग्नातली मागच्या रांगेतली मावशी, कचेरीत एकदाच 'साहेब बोलावतायत' म्हणून गेलेला शिपाई. आज तक्त्यात हेच रकाने सगळ्यांना अडतात आणि तीच वही कामाला येते. वहीचे फोटो काढून पाठवले तेव्हा चिपळूणचे काका पहिल्यांदाच काही न विचारता 'ग्राह्य' असं लिहून मोकळे झाले. बँकेतल्या माणसाच्या हस्ताक्षराचा दरारा असतो तो असा.

कथासाराच्या रकान्याला मात्र माझा विरोध आहे. तो मी भरत नाही. अमुक घर सोडते, तमुक तिला परत आणतो, एवढ्यात आटपणारी गोष्ट आपण आठवडाभर जिवाला लावून घेतली होती, हे वाचवत नाही. त्यापेक्षा मला चुका टिपणारे आवडतात. एकानं लिहिलंय, 'भाग 7: भिंतीवरच्या घड्याळात पूर्ण प्रसंगभर सव्वाचार.' दुसऱ्याचं उत्तर: 'भाग 11 मध्येही सव्वाचारच.' याला म्हणतात प्रेम.

आता आवाजाचा रकाना. दादाकडे टेपरेकॉर्डर होता आणि शीर्षकगीत उतरवून घेण्यासाठी तो टीव्हीसमोर स्टुलावर मांडला जायचा. लाल आणि काळं बटण एकदम दाबायचं आणि त्यानंतर घरात कुणी खोकायचं नाही. हा उद्योग फक्त आपल्याकडेच चालायचा असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. मग कळलं की इंग्लंडातही तेच. 1963 मध्ये सुरू झालेल्या 'डॉक्टर हू'च्या सुरुवातीच्या सहा वर्षांतल्या नव्वदहून जास्त भागांचं चित्र बीबीसीकडे उरलं नाही. टेपा पुसून पुन्हा वापरल्या, फिल्मा टाकून दिल्या. पण आवाज एकूण एक भागाचा शिल्लक आहे, कारण त्या वेळच्या प्रेक्षकांनी घरोघरी टेपरेकॉर्डर लावून ठेवले होते. त्यात बरीचशी शाळकरी पोरं. तिथे जॉन क्युरा म्हणून एक गृहस्थ होते, ते टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून विकायचे. नटांना आपलं काम नंतर दाखवायला दुसरं काही नसायचंच. आता हा आवाज आणि ते फोटो जोडून लोक गेलेले भाग पुन्हा उभे करतात. 'खोकू नकोस' हे तिथल्या आयांनीही ऐकून घेतलं असणार.

आमच्या दादाच्या कॅसेटमध्ये खोकला नाही, आजी आहे. शीर्षकगीत संपतं, नायकाचे वडील घसा साफ करून बोलायला लागतात, आणि त्यांच्या पहिल्याच वाक्यावर आजी ठणठणीत आवाजात विचारते, 'हा मेला ना गं गेल्या खेपेला?' मग कुणाचं तरी 'शूऽऽ', मग आजीचं 'मला काय म्हणतेस, त्याला सांग.' न्यू जर्सीवाला ध्वनीचं काम जाणतो. तो म्हणाला, मागचा आवाज बराचसा काढता येईल, संवाद स्वच्छ मिळतील. मी त्याला कळवलं, काढू नकोस. त्यानं आता दोन फायली केल्या आहेत, एक स्वच्छ आणि एक 'आजीसह'. आजीसहची मागणी जास्त आहे.

राहिला चित्राचा रकाना, आणि तो जवळपास मोकळा आहे. दूरदर्शनकडेही त्या काळी टेप महाग होती, तिच्यावरच पुन्हा चित्रण व्हायचं, असं बरंच काही गेलं. आमचा गट यावर अधूनमधून जळफळतो. मग उरतात घरगुती व्हीएचएस कॅसेटी, माळ्यावरच्या. त्यांना आपल्या पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते, तशीच लावली तर यंत्राचं हेड बरबटतं आणि नंतरची चांगली कॅसेटही जाते. शिवाय यंत्र आणायचं कुठून? व्हीसीआर बनवणारी उरलेली जपानी कंपनी, फुनाई, तीही 2016 च्या जुलैत थांबली. आणि तीन तासांची कॅसेट संगणकावर घ्यायला तीन तासच लागतात. तिथे घाई चालत नाही.

एवढं सगळं करून गेल्या आठवड्यात नागपूरच्या बाईंच्या भावाकडे एक कॅसेट निघाली. लेबलवर मालिकेचं नाव, त्यावर काट, मग 'शारजा', त्यावर काट, मग नुसतं 'सुमी'. पुसायचं काम एकटं दूरदर्शनच करत होतं असं नाही, हे त्या लेबलकडे बघून सगळ्यांच्या लक्षात आलं असावं, कारण बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. कॅसेट लावली. आधी मुंग्या. मग साधारण अकरा मिनिटं आमची मालिका, खालचा पट्टा सतत थरथरणारा, पण चेहरे ओळखू येतात, आणि भिंतीवर सव्वाचार. नायिका दार उघडते, तोंड उघडते, आणि तिच्या तोंडातून सनई सुरू होते. साखरपुडा. पाट, ओवाळणारी बाई, एका मुलाच्या हातात पेढ्याचा बॉक्स.

भाग कोणता, यावर दोन दिवस वाद झाला. काकांचं मत 19, लाल अक्षरवाल्याचं 20. शेवटी दोन्ही ओळींत 'अंशतः उपलब्ध' असं लिहून मिटवलं. पण ती सुमी कोण, हे बाईंच्या भावालाही सांगता येईना. त्यांच्या नात्यात सुमी नाही, म्हणे, कॅसेट बहुतेक कुणाची तरी परत करायची राहून गेलेली. ओवाळणारी बाई आपल्या पाहण्यातली आहे असं चिपळूणहून कळवण्यात आलंय. साखरपुड्याची वेगळी शीट उघडावी अशी सूचना न्यू जर्सीहून आली, तिला मी अनुमोदन दिलं. पुराव्याचा रकाना ठेवायला सांगितलाय.