सातवा रकाना

प्रकल्पाचा विषय मीच निवडला होता: मॉर्मन चर्च या अमेरिकेत सुरू झालेल्या ख्रिस्ती पंथाची जगभरातली वाढ, आणि त्यातले रविवारच्या सभेला प्रत्यक्ष येणारे किती. चर्चचं मुख्यालय जिथे आहे त्या अमेरिकेतल्या युटा राज्यात संख्याशास्त्र शिकत होते, म्हटलं विषय दाराशीच आहे. सदस्यसंख्या मिळवायला एक संध्याकाळ पुरली. चर्च दर एप्रिलमध्ये आकडे जाहीर करतं. २०२४ अखेर १ कोटी ७५ लाख सदस्य, ३१,६७६ मंडळ्या, म्हणजे रविवारी एकत्र जमणारे स्थानिक गट. झालं.

अडलं ते विभागाच्या फॉर्मवर. सातवा रकाना: ‘सक्रिय सदस्य, देशनिहाय’. रिकामा सोडता येत नाही, आणि पूर्णांकच लागतो. मी ऑफिसात तीनदा गेले. रविवारच्या सभेची हजेरी चर्च जाहीर करतच नाही, तर मी लिहू काय? तिन्ही वेळा उत्तर एकच, सिस्टम रिकामं घेत नाही. चौथ्यांदा जायचं होतं, पण मग मीच तोंड सोडलं असतं.

हजेरी मोजली जात नाही असं नाही हं. मैत्रिणीबरोबर एका रविवारी तिच्या वॉर्डात, म्हणजे तिच्या मंडळीत, गेले. पावाचे तुकडे आणि पाण्याचे इवलेसे कप ट्रेमधून फिरले, आणि मागच्या भिंतीशी उभा राहून क्लार्क पेन हलवत डोकी मोजत होता. रडणारं बाळ घेऊन बाहेर गेलेल्या बाईसाठी तो दारापर्यंत जाऊन आला. तो आकडा वर मुख्यालयात, सॉल्ट लेक सिटीला जातो, तिथून बाहेर येत नाही. वर दिलेल्या आकड्यांचा भागाकार केला तर एका मंडळीत साडेपाचशे माणसं यायला हवीत. तिथे दीडशेच्या आतबाहेर होती.

चर्चच्या सदस्ययादीतून नाव सहज जात नाही, हे आधी कळलं असतं तर आठवडा वाचला असता. पत्ता हरवलेला माणूस ११० वर्षांचा होईपर्यंत सदस्यच धरला जातो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “मग काय, आपल्या मतदारयादीत आजोबा आहेतच की अजून.”

शेवटी हाताशी आली जनगणना, कारण तिथे माणूस स्वतः धर्म सांगतो. ब्राझीलमध्ये २०१० साली २,२६,५०९ जणांनी हा धर्म सांगितला. चर्चच्या यादीत तेव्हा ११ लाखांवर नावं. मेक्सिकोत त्याच वर्षी ३,१४,९३२ विरुद्ध १२ लाखांवर. पण स्वतःला मॉर्मन म्हणवणारा दर रविवारी येतोच असं नाही, त्यामुळे हा आकडाही सातव्या रकान्याचा नव्हेच.

दुसरा आडमार्ग मंडळ्यांचा. येणारी माणसं असल्याशिवाय वॉर्ड चालवता येत नाही, म्हणून मंडळ्यांची संख्या जास्त खरं बोलते. २०१४ ते २०२४ मध्ये सदस्य साधारण १४ टक्क्यांनी वाढले, मंडळ्या ७. माझ्या अख्ख्या प्रकल्पात मला आवडलेली ओळ हीच.

मग सातव्या रकान्यात सगळीकडे ० टाकलं आणि खाली दोन पानी टीप जोडली. दहा मिनिटांत मंजूर. टीप कोणी उघडलीसुद्धा नसावी.

हो, एक राहिलं. चिलीची २००२ ची जनगणना वापरणार असाल तर जपून. धर्माचा प्रश्न तिथे १५ वर्षांवरच्यांनाच होता आणि चर्चच्या यादीत पोरंही असतात. मी आधी सरळ भागाकार करून बसले होते.

आणि त्या रविवारी क्लार्कनं मलाही मोजलं. पाहुणे धरतात म्हणे.