टॅबलेटवर डेस्कटॉप लिनक्स: सगळं जमलं, कीबोर्डनं रडवलं

टचस्क्रीनवर डेस्कटॉप लिनक्स चालतं का, असं कोणी विचारलं की मी सांगतो: चालतं, पण आधी कीबोर्डचं बघा. ग्नोम (लिनक्सचं एक डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनू दाखवणारा भाग) बसवलं, वायफाय, आवाज, बोटानं स्क्रोल करणं सगळं लगेच सुरू झालं. स्केल २०० टक्के केल्यावर बटणंही बोटाला नीट सापडायला लागली. घोडं अडलं ते पडद्यावरच्या कीबोर्डपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

सेटिंगमध्ये किंवा फाइल शोधताना चौकटीवर बोट टेकवलं की कीबोर्ड आपोआप वर यायचा. पण रोज लागणाऱ्या एका मेसेजिंग अ‍ॅपमध्ये कर्सर नुसताच लुकलुकत राहायचा. पडद्याच्या खालच्या कडेवरून बोट वर सरकवलं की ग्नोम कीबोर्ड दाखवतं, हे कळलं तेव्हा वाटलं सुटलो. कुठलं काय! मेसेज लिहायची चौकट तळाला, आणि कीबोर्ड नेमका तिच्यावरच. अक्षरं उमटत होती, पण दिसत नव्हती. एकेक ओळ लिहायची, कीबोर्ड खाली करायचा, चूक बघायची, पुन्हा वर आणायचा. दोन शब्दांच्या उत्तराला हा उपद्व्याप!

कारण कळायला फार शोधावं लागलं. वेलँडमध्ये (पडद्यावर खिडक्या दाखवायची लिनक्सची नवी पद्धत) 'इथे मजकूर लिहायचाय, कर्सर अमुक जागी आहे' हे अ‍ॅपनं स्वतःहून कळवावं लागतं. त्यासाठी टेक्स्ट-इनपुट नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे कळवण्याची ठरलेली रीत, आहे. ते कळलं तरच ग्नोम आपणहून कीबोर्ड उघडतं आणि चौकट झाकली जाऊ नये म्हणून खिडकी वर सरकवतं. जुन्या एक्स११ पद्धतीनं चालणारी अ‍ॅप असं काही कळवतच नाहीत. क्रोमियम या ब्राउझरवर बेतलेल्या अ‍ॅपमध्ये (माझं मेसेजिंग अ‍ॅप त्यातलंच) आणखी एक गुंता: त्यांना बराच काळ या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती येत होती आणि ग्नोमला तिसरी लागते. त्यामुळे अ‍ॅप वेलँडवर नेलं, वेलँड आयएमईचा (मजकूर लिहिण्याच्या सोयीचा) पर्याय चालू केला, तरी ढिम्म. अ‍ॅपची नवी आवृत्ती घेऊन, सुरू करतानाच प्रोटोकॉलची तिसरी आवृत्ती वापरायला सांगितलं, तेव्हा कुठे कीबोर्ड वर आला आणि चौकट त्याच्या डोक्यावर दिसली. त्या संध्याकाळी मी उगाचच सगळ्यांना लांबलचक मेसेज पाठवले.

ग्नोमऐवजी केडीई प्लाझ्मा हे डेस्कटॉप वापरणार असाल तर सेटिंगमध्ये व्हर्च्युअल कीबोर्ड निवडलेला आहे ना, ते आधी तपासा.

शक्यतो वेलँडच घ्या. एक्स११वर एक्सरँडर या कमांडनं चित्र फिरवलं तरी स्पर्श जुन्याच दिशेनं नोंदला जातो. बोट एका कोपऱ्यात आणि क्लिक भलतीकडे. तिथे टचचं गणित वेगळं जुळवावं लागतं. टॅबलेट फिरवल्यावर पडदा आपोआप फिरत नसेल तर आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी (टॅबलेट कसा धरलाय ते सेन्सरकडून घेऊन डेस्कटॉपला कळवणारा प्रोग्राम) बसवलंय का ते बघा.

आणि हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं: डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डनं कुलूपबंद) करणार असाल तर पासवर्ड ग्नोम सुरू व्हायच्या आधी विचारला जातो आणि तिथे बहुतेक वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) पडद्यावरचा कीबोर्ड नसतो. पोस्टमार्केटओएस या फोन-टॅबलेटसाठीच्या वितरणानं त्यासाठी अनलॉकर नावाची सोय दिली आहे. बाकी ठिकाणी यूएसबी कीबोर्ड जवळ ठेवा, आणि टॅबलेटला एकच पोर्ट असेल तर हबही.