व्ही-क्रॉस लेव्हलिंग: कलण्यातले 9 मिलिमीटर सापडले, 5 उरले

गाडी एका बाजूला कलत होती, त्या 14 पैकी 9 मिलिमीटर सापडले! आणि सापडले ते स्प्रिंगमध्ये नाहीत, शॉकअपमध्ये नाहीत, तर एका रबरी बुशमध्ये.

मागच्या नोंदीत माझ्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर आल्याचं लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ टाकली होती, की गाडी ड्रायव्हरच्या बाजूला कलल्यासारखी वाटते. त्यानंतर दुसरं काहीच करता आलं नाही. कॅनोपीच्या (मागच्या उघड्या भागावरचं टप) ड्रॉवरचं काम तसंच पडून आहे, मागच्या दिव्यांची वायरिंगही. सगळं त्या कलण्याने खाल्लं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सेटअप थोडक्यात: 2018 ची 2.5 व्ही-क्रॉस, सेकंड हँड घेतलेली. शेपूट नाकापेक्षा 48 मिमी उंच होतं. पिकअपला हे कंपनीच मुद्दाम ठेवते, कारण हौद (मागचा सामानाचा भाग) भरला की मागचे पाटे (कमानीसारख्या पट्ट्यांच्या स्प्रिंग) बसतात आणि गाडी सरळ होते. आपण बहुतेक वेळा रिकामे फिरतो, म्हणून ते नाक खाली घातल्यासारखं दिसणं. मला पूर्ण सपाट गाडी नको होती. मागे 12-15 मिमी जास्त राहू दे, नाहीतर चार माणसं आणि सामान भरल्यावर नाक आकाशाकडे जातं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

स्पेसर का घेतला नाही, हे बरेच जण अजून विचारतात. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी) डोक्यावर बसणारा स्पेसर, म्हणजे जाड चकती, सगळ्यात स्वस्त, आणि आपल्या पुढच्या डबल विशबोनमध्ये (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) 10 मिमीच्या स्पेसरने चाकापाशी साधारण 20 मिमी उंची मिळते, कारण शॉकअप लोअर आर्मच्या मधोमध कुठेतरी बसतो. पण तो स्पेसर चाकाची खाली लटकण्याची हद्दही तेवढीच पुढे ढकलतो. मग अप्पर आर्म जिथे टेकायला नको तिथे टेकतो, बॉल जॉइंट आणि एक्सलचा सीव्ही जॉइंट हे चाकाजवळचे सांधे नको त्या कोनात काम करतात. कोलशेतच्या मित्राची गाडी घोडबंदर रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर 'ठक्क' करते ती यामुळेच. स्प्रिंगखाली किंवा वर बसणारा प्रीलोड पॅकर त्यामानाने बरा, पण त्यात लटकायला उरलेली जागा कमी होते, कारण शॉकअप तेवढाच राहतो आणि गाडी त्याच्या वरच्या टोकाजवळ उभी राहते. माझं मत ठाम आहे: उंची हवी असेल तर स्प्रिंग बदला, आणि त्या स्प्रिंगला साजेसा लांब शॉकअप घ्या.

मी ओल्ड मॅन एमू या ऑस्ट्रेलियन ब्रँडचा सेट घेतला, स्प्रिंग सगळ्यात हलक्या रेटिंगच्या. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. ऑस्ट्रेलियन कॅटलॉगमधल्या मधल्या आणि जड स्प्रिंग पुढे स्टीलचा बुलबार (बंपरपुढचा जाड दांड्यांचा सांगाडा) आणि विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी) आहे असं धरून बनवलेल्या असतात. दोन्ही मिळून शंभरेक किलो सहज होतात. आपल्याकडे डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार घेऊन राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं. म्हणजे आपल्या नाकावर ते वजनच नाही. तीच स्प्रिंग इथे लावली तर गाडी जास्त उंच जाते आणि पत्र्याच्या डब्यासारखी आपटते. माझ्या पुरवठादाराने पैसे घेण्याआधी पुढे काय काय बसवलंय, मागे कायम किती वजन असतं, हे सगळं विचारलं. असं विचारणाऱ्याकडूनच घ्या. फक्त गाडीचं मॉडेल विचारून बॉक्स पाठवणारे पुष्कळ आहेत.

आता मूळ दुखण्याकडे.

फिटिंग तुर्भ्याच्या एका गॅरेजमध्ये झाली. उंची सरासरी 35-40 मिमी वाढली, हवी तेवढी. पण पुढे हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं तर डावी बाजू उजवीपेक्षा 14 मिमी वर. जुन्या वहीत फिटिंगआधीचा फरक 5 होता. म्हणजे 5 मूळचे आणि 9 नव्या कामाबरोबर आलेले. दोन वेगळी कारणं असणार, हे तिथेच लक्षात आलं आणि पुढचा सगळा शोध त्यामुळे सोपा झाला.

मोजायला सपाट जागा शोधणं हेच एक काम आहे. आमच्या खारघरच्या सोसायटीच्या बेसमेंटला पाणी वाहून जायला उतार आहे. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी आणून चारही चाकांच्या जागा तपासल्या, तेव्हा कुठे एका खांबाजवळ हवी तशी जागा मिळाली. तरीही गाडी एकदा अशी आणि एकदा उलट तोंड करून उभी करायची आणि दोन्ही मापांची सरासरी धरायची. हौद रिकामा, टायरमध्ये हवा सारखी, ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नाही.

पहिला संशय अर्थातच स्प्रिंगवर. काही कंपन्या ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग किंचित लांब देतात आणि दोन्हींवर वेगळी खूण असते. त्या उलटसुलट बसल्या तर असंच होतं. पण माझ्या दोन्हींचा नंबर एकच, आणि बसवण्याआधी जमिनीवर उभ्या ठेवून घेतलेली उंचीही एकच. स्प्रिंगची टोकं खालच्या बशीत नीट बसलेली. मग अँटी-रोल बारच्या (डावी-उजवी बाजू जोडणारी दांडी) दोन्ही लिंक सोडल्या, कारण बार ताणलेला असेल तर तो एक बाजू धरून ठेवतो. फरक शून्य.

बुशची आठवण झाली ती अलाइनमेंटची पावती पुन्हा वाचताना. उंची वाढली की कॅम्बर, कॅस्टर, टो हे चाकांचे तिन्ही कोन हलतात, म्हणून फिटिंगनंतर लगेच अलाइनमेंट करून घेतलं होतं. पावतीवर कॅम्बर फक्त उजव्या बाजूचा बदललेला. म्हणजे उजव्या लोअर आर्मचे बोल्ट जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर असताना सैल करून पुन्हा आवळले गेले. डावीकडचे? ते गॅरेजमध्ये, गाडी लिफ्टवर आणि चाकं लटकत असताना इम्पॅक्ट गनने आवळलेले, तसेच.

लोअर आर्मच्या बुशमध्ये बाहेरची नळी, आतली नळी आणि मध्ये चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट पकडली जाते. त्यानंतर आर्म वरखाली होतो तो रबर पिळूनच. चाक लटकत असताना बोल्ट आवळला, तर रबराची आरामाची स्थिती ती लटकलेली. गाडी खाली उतरवली की उभ्या जागीच रबर पिळलेलं राहतं आणि आर्मला सतत खाली ढकलत राहतं, म्हणजे गाडीची ती बाजू वर उचलतं. वर रबर लवकर फाटतं ते वेगळंच. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हे बोल्ट वजनावर असतानाच आवळायचे असं स्पष्ट असतं, आणि तरी लिफ्ट खाली घेण्याचा कंटाळा म्हणून किती गॅरेजवाले तसंच सोडतात!

एका शनिवारी तळोज्यातल्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्यांच्याकडे जुन्या पद्धतीचा खड्डा आहे, गाडी चाकांवरच उभी राहते. या कामाला लिफ्टपेक्षा खड्डा शतपटीने चांगला. आधी मार्करने कॅमच्या (कोन बदलणाऱ्या बोल्टची चकती) खुणा करून घेतल्या, नाहीतर अलाइनमेंट पुन्हा बिघडलं असतं. डाव्या लोअर आर्मचा पहिला बोल्ट सैल केला आणि 'टक्' असा आवाज आला. दुसऱ्याला त्याहून मोठा. डोळ्यासमोर मडगार्ड खाली आलं. मिस्त्री खड्ड्यातून म्हणाले, "बघा, सुटला ताण." गाडी दाबून दाबून हलवली, हातभर पुढे-मागे ढकलली, आणि मग टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे आवळलं. अप्पर आर्म आणि शॉकअपचा खालचा बोल्टही तसाच, दोन्ही बाजूंचा.

टेप लावली: फरक 5. बरोबर 9 गेले. त्या खड्ड्याच्या काठावर मला जो आनंद झाला तो नाक वर आलं तेव्हाही झाला नव्हता. परत येताना सायन-पनवेल हायवेच्या जोडांवरून गाडी किती वेगळी चालते ते लगेच जाणवलं. डावं चाक खड्ड्यात गेल्यावर जो कोरडा धक्का बसायचा, तो गेला. मी तो नव्या शॉकअपचा स्वभाव समजत होतो.

उरले मूळचे 5. चॅसिस एकच असल्यामुळे पुढचं कललं की मागचंही कलतं, त्यामुळे नुसती टेप लावून दोष पुढे की मागे ते कळत नाही. यासाठीची चाचणी सुंदर आहे. मागच्या क्रॉस मेंबरच्या (चॅसिसचा आडवा दांडा) बरोबर मध्यावर जॅक लावून मागची दोन्ही चाकं जेमतेम अधांतरी करायची. सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंना घोड्या (आधाराचे स्टँड) हव्यातच, पण चॅसिसला न टेकता थोड्या खाली. आता मागचे पाटे गाडीला कोणत्याच बाजूला कलवू शकत नाहीत. जे काही कलणं दिसेल ते पुढच्या स्प्रिंगचं. मोजलं तर पुढचा फरक 1 मिमीवर आला. म्हणजे पुढचं काम निर्दोष आणि 5 मिमी मागच्या उजव्या पाट्यांचे.

कारणही दिसतंय. आधीच्या मालकाने हौदात उजव्या बाजूला 40 लिटरची पाण्याची टाकी कायमची बसवलेली आहे. इतकी वर्षं तेच वजन एकाच पाट्यावर.

कळंबोलीला, जिथे ट्रकच्या कमानींची कामं चालतात, तिथल्या एका कारागिरांना दाखवलं. त्यांनी दोरी ताणून दोन्ही बाजूंची कमान मोजली आणि उजवा मुख्य पाटा चपटा झाल्याचं दाखवलं. मी पाटा वळवून मागितला, तर त्यांनीच नको म्हटलं: "दादा, एक वळवला तर तो आधी बसणार. बदलायचे तर दोन्हीकडचे बदला." आपल्या हातचं काम नाकारून नीट सल्ला देणारा माणूस मोलाचा.

पुढे उजवीकडे 5-6 मिमीचा ट्रिम पॅकर टाक, विषय संपव, असं दोघातिघांनी सुचवलंय. तसं केल्याने टेपवर आकडे जुळतील, पण वजन उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या चाकावर तिरकं जास्त जाईल. दुखणं मागे असताना पुढे पॅकर घालणं मला पटत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे नवे पाटे मागवायचे, असं ठरलं होतं.

इथपर्यंत लिहिताना मात्र वेगळंच सुचलं. टाकी डावीकडे हलवली तर? भरलेली टाकी म्हणजे 40 किलो, आणि ती हौदाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेली की कलण्यातला बदल ढोबळ हिशोबाने 5 मिमीच्या आसपासच येतोय. नवे पाटे कोणत्या वजनाचे घ्यायचे हे तसंही कॅनोपी आणि ड्रॉवर पूर्ण झाल्याशिवाय ठरवता येत नाही. आज मागवले तर पुढच्या स्प्रिंगच्या बाबतीत जी चूक लोक बुलबारच्या हिशोबाने करतात, तीच मागे होईल. तेव्हा पाटे लांबणीवर, आधी टाकी. ब्रॅकेटची भोकं डावीकडे जुळतात का ते उद्याच बघतो. नळाचं तोंड तेवढं उलट करावं लागेल.

हेडलाइटही खाली घेतले. नाक उचलायच्या आधी बेसमेंटच्या भिंतीवर प्रकाशाच्या वरच्या रेषेची खूण करून ठेवली होती, त्याच अंतरावर उभं राहून स्क्रू फिरवले. पाम बीच रोडला समोरून आता कोणी डिपर मारत नाही.

एक मदत हवी आहे. ज्यांची गाडी 2016 ते 2019 मधली आहे आणि मागचे पाटे मूळचे आहेत, त्यांनी हौद रिकामा ठेवून चारही चाकांचं हब ते मडगार्ड माप द्या. हौदात कायमचं वजन असेल तर ते कोणत्या बाजूला आहे तेही लिहा.