भाजणीचा हिशेब

घरी कॉफी भाजणाऱ्याला दोन व्यसनं लागतात. एक कॉफीचं, ते परवडतं. दुसरं नोंदी ठेवण्याचं. हे दुसरं आमच्या फोंड्याच्या घरात लॅपटॉपसकट स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोचलं आहे.

'आर्टिसन' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. भाजायच्या ड्रममध्ये थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, सळई खुपसायची, तिची वायर एका छोट्या डबीतून लॅपटॉपला जोडायची, की पडद्यावर तापमानाची रेघ सरकू लागते. बिया टाकल्या की एक बटण दाबायचं, हिरव्याच्या पिवळ्या झाल्या की दुसरं, तडतडू लागल्या की तिसरं, बाहेर काढल्या की चौथं. शिवाय तापमान मिनिटाला किती अंशांनी वाढतंय याची वेगळी रेघ असते. ती सावकाश, एकसारखी उतरत गेली पाहिजे असं जाणते सांगतात. मग माणूस बियांकडे बघायचं सोडून त्या रेघेकडे बघत बसतो. धूर खिडकीबाहेर जातो, शेजारच्या वहिनी हाक मारतात, "काय करपलं हो?" आणि आपण म्हणतो, "काही नाही वहिनी, आलेख छान आलाय."

आलेख दिसतो मात्र फार देखणा. इतका, की त्यावर थोडा संशय घ्यावा. सुरुवातीलाच त्यात एक खोल खड्डा असतो. बिया टाकल्यावर रेघ धाडकन खाली येते, तळ गाठते आणि मग वळून वर चढते. बघणाऱ्याला वाटावं, बिया आधी गार झाल्या नि मग तापल्या. बिया कशाला गार होतील? त्या पहिल्या क्षणापासून तापतच असतात. गार होते ती रिकाम्या ड्रममध्ये तापून बसलेली सळई, थंड बियांचा ढीग अंगावर पडल्यामुळे. म्हणजे पहिलं मिनिटभर सॉफ्टवेअर बियांची नाही, सळईची तब्येत लिहून घेत असतं. पहिली तडतड साधारण 196 अंशांना होते असं म्हणतात, पण सळई कुठे खुपसली आहे, जाड आहे की बारीक, यावर तो आकडा पाच-दहा अंश सहज इकडेतिकडे होतो. दुसऱ्याचा आलेख उतरवून आपली कॉफी त्याच्यासारखी होत नाही ती यामुळेच.

माझा विश्वास आहे तो आलेखाखालच्या दोन साध्या रकान्यांवर: टाकलेलं वजन आणि निघालेलं वजन. 250 ग्रॅम टाकले, 213 निघाले, म्हणजे घट 14.8 टक्के. तराजू स्वयंपाकघरातलाच. पण रंगाबद्दल, वासाबद्दल आपण स्वतःची समजूत काढू शकतो, तराजूची काढता येत नाही.

आणि गोव्यात हे दोन आकडे पावसाळ्यात बोलू लागतात. चिकमंगळूरहून येणाऱ्या चांगल्या हिरव्या बियांत दहा-बारा टक्के पाणी असतं. जूनमध्ये आमच्याकडे मीठ पाझरतं, चपलांना बुरशी येते, तिथे उघडं पोतं काय कोरडं राहणार? याच किनाऱ्यावर, दक्षिणेला, बिया मुद्दाम पावसाळी हवेत आठवडेच्या आठवडे पसरून, फुगवून 'मॉन्सून्ड मलबार' करतात. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना बिया दमट हवेनं फुगायच्या, पिवळ्या पडायच्या, आणि तीच चव तिकडच्यांना आवडू लागली, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. आमच्या फडताळात हा उद्योग फुकट होतो, फक्त कोणी मागितलेला नसताना. ओलसर बी तापायला जास्त आच खाते, तडतड लांबते. त्याच रंगाला आणली तरी घट जास्त भरते, कारण जास्तीचं पाणी उडून गेलेलं असतं. उन्हाळ्यातल्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय हे ध्यानात येत नाही. नुसतं 'यंदाचा माल तेवढा बरा नाही' असं म्हणून आपण बिचाऱ्या मळेवाल्याला नावं ठेवतो.

आईला यातलं काही नवल वाटत नाही. तिच्या कालनिर्णयच्या चौकटींत दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, सगळं पेन्सिलीनं असतं, आणि गॅस किती दिवस पुरला हे ती क्षणात सांगते. तिचा एकच आक्षेप आहे: लाइट गेली की तुझी वही कशी बंद पडते? यात तथ्य आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण ड्रम फिरवणारी मोटर थांबते. मग बिया उपसून लोखंडी कढईत ओतायच्या, कालथा घेऊन परतत राहायचं, आणि शेऱ्याच्या रकान्यात नंतर लिहायचं: 'लाइट गेली. पुढचं हातानं.' अशा घाण्यांची रेघ मध्येच तुटलेली असते. वजनाचे दोन्ही आकडे मात्र नेमके असतात.

शेऱ्यांचा रकाना आता बराच फुगलाय. दमटपणा, बियांचं पोतं कधी उघडलं, भाजून किती दिवसांनी प्यायली (पहिले दोन-तीन दिवस वायू निघत असतो, फिल्टरमध्ये नुसता फेस होतो), कोणाला आवडली. एकच रकाना अजून नाही, साखरेचा. चवथीला घरात पाहुणे जमतात, तेव्हा सगळ्यांपुढे आईशी त्यावर बोलणी करायची आहेत.