पंख क्र. ४ : टेंगूळ काही जाईना

मागच्या नोंदीत मी तोऱ्यात लिहिलं होतं की ऑप्टिमायझरनं (मॉडेल ग्लायडरच्या पंखाचा छेद पिढी दर पिढी सुधारत नेणारा जेनेटिक प्रोग्रॅम) सीएल, म्हणजे लिफ्टचा गुणांक, ०.६ ला ड्रॅग १८२ काउंटवरून १५८ वर आणला (एक काउंट म्हणजे ड्रॅगच्या गुणांकात ०.०००१). ते शब्द गिळतो. रविवारी टेकडीवर क्र. ४ फेकला. शेजारी एसडी७०३७ या जुन्या, तयार छेदाचा क्र. २ होता. सहाच्या सहा फेकींत म्हाताराच जास्त वेळ तरंगला.

घरी येऊन पंखावर स्टीलची पट्टी ठेवली, पलीकडून मोबाईलचा टॉर्च आडवा धरला आणि फटीतून येणारा उजेड बघत बसलो. ऑप्टिमायझरच्या फाईलमध्ये वरच्या अंगाला ६० टक्के कॉर्डपाशी (कॉर्ड म्हणजे पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) एक टेंगूळ आहे. (नाव भाच्यानं दिलेलं. फोम कापायच्या तापलेल्या तारेचं दुसरं टोक धरायला त्याला बोलावलं होतं, टेम्प्लेट बघून म्हणाला, "मामा, याला टेंगूळ का आलंय?") पंखावर ते टेंगूळ उतरलेलंच नाही. उतरणार कसं? १८० मिमी कॉर्डवर त्याची उंची ०.४ मिमी. माझी निक्रोमची तार फोम कापतानाच त्याहून जास्त खाते.

पण उतरलं असतं तरी फार उपयोग नव्हता. पुण्याच्या उन्हाळी हवेत ८ मीटर प्रतिसेकंदाला आपला रेनॉल्ड्स आकडा (वेग, कॉर्ड आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा) जेमतेम ८५,०००. लॅमिनार (थरांनी शांत वाहणारा) प्रवाह पंखापासून सुटतो, टर्ब्युलंट (खळबळता) होतो आणि परत चिकटतो. मधे राहतो तो बबल. ऑप्टिमायझरनं नेमका तो खड्डा बुजवला. आता सीएल ०.७ केला की बबल पुढे सरकतो आणि टेंगूळ नुसता गतिरोधक होऊन बसतं. एक्सफॉईल, म्हणजे छेदाचा लिफ्ट-ड्रॅग काढणारा ऑप्टिमायझरमागचा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्या मार्क ड्रेलांनी १९९८ मध्येच याबद्दल बजावून ठेवलंय. मी ते वाचलंही होतं, तरी पडलोच.

मग सीएल ०.४, ०.६, ०.८ असे तीन बिंदू दिले. तीन टेंगळं! सहा दिले तर वरचं अंग पन्हळी पत्र्यासारखं. शिवाय एक्सफॉईल कन्व्हर्ज झालं नाही, म्हणजे गणित उत्तरावर स्थिरावलं नाही, की मी सरळ मोठा दंड लावत होतो, त्यामुळे चांगल्या चांगल्या आकारांचा नाहक बळी जात होता. अल्फा (पंखाचा हवेशी कोन) खालून वर ०.२५ अंशांनी चढवत नेला आणि इटरेशन २०० केली, तेव्हा ते बरंच आटोक्यात आलं.

खरी गोम शुक्रवारी रात्री कळली. बिंदू ठरलेले म्हणजे पेपर फुटलेला. आता प्रत्येक पिढीला नवा पेपर: सीएल ०.३ ते ०.९ मधले कुठलेही पाच, एनक्रिट (प्रवाह किती लवकर टर्ब्युलंट होईल हे ठरवणारा एक्सफॉईलचा आकडा) ५ ते ९ मधला कुठलाही. आणि सीएसटीचे (छेदाचा आकार मोजक्या आकड्यांत मांडायची पद्धत) गुणांक एका अंगाला ८ वरून ५. इतक्या कमी गुणांकांत टेंगूळ काढायला जागाच उरत नाही. एक खाचखळगा मात्र आहे: जुन्या विजेत्यालाही दर पिढीला परत परीक्षेला बसवा, नाहीतर एकदा सोपा पेपर मिळालेला गडी कायमचा पहिला राहतो.

निकाल: ०.६ ला १७१ काउंट. १५८ च्या पुढे फिका वाटेल, पण ०.४ ते ०.८ पर्यंत एसडी७०३७ च्या खालीच, आणि वक्र असा गुळगुळीत की अर्धा तास नुसता बघत बसलो.

न्यूरलफॉईलही (हेच काम न्यूरल नेटवर्कनं करणारा प्रोग्रॅम) चालवून पाहिलं. वेग अफाट, आणि ग्रेडियंट (कुठला गुणांक कुठे हलवला की ड्रॅग किती बदलतो) मिळतो म्हणजे जेनेटिकचा गाडा ओढायला नको. पण ते शिकलंय एक्सफॉईलच्याच उत्तरांवर. गुरूच्या चुका शिष्यही गिरवणार. चाळणी म्हणून उत्तम, शेवटचा शब्द म्हणून नको.

फोमचं म्हणाल तर ऑनलाईन मागवलेला एक्सपीएस फोम यावेळीही केळ्यासारखा वाकडा आला. आता इन्सुलेशनवाल्याकडे जाऊन, जमिनीवर ठेवून, बघूनच घेणार.

शनिवारी क्र. ५ कापायचा होता. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: भांडण बबलशी आहे, तर आकारानंच का भांडायचं? टर्ब्युलेटरची पट्टी लावून प्रवाह आधीच टर्ब्युलंट केला तर? एक्सफॉईलमध्ये ट्रिपची, म्हणजे प्रवाह मुद्दाम टर्ब्युलंट करायची, जागा देता येतेच. पाच अधिक पाच गुणांक, आणि पट्टीची जागा हा अकरावा. पट्टीचा स्वतःचा ड्रॅग एक्सफॉईल धरत नाही, तो वरून मिळवावा लागेल. सध्या अंदाजाने ५ काउंट टाकलेत.

रन लावलाय. चाळिसावी पिढी चालू आहे, पट्टी ४० ते ५० टक्क्यांमध्ये घुटमळतेय. सनमायक्याचे टेम्प्लेट घासून तयार होते, ते माळ्यावर गेले. भाच्याला शनिवारी येऊ नको म्हणून कळवलंय.