कारभाऱ्याच्या मुलीचं गाव: ननीटन

लंडनच्या यूस्टनहून साधारण तासाभरात ननीटन. 'मिडलमार्च' ही कादंबरी वाचून टुमदार खेड्याची आस धरून येऊ नका. हा मुलूख कोळशाच्या खाणींचा आणि रिबिनी विणणाऱ्या मागांचा. ती लिहिणारी जॉर्ज एलियट, म्हणजे या टोपणनावानं लिहिणारी इंग्रज कादंबरीकार मेरी ॲन एव्हन्स, इथलीच.

वडील रॉबर्ट मूळचे सुतार. हुशारीच्या बळावर न्यूडिगेट घराण्याच्या आर्बरी इस्टेटीचे कारभारी झाले. २२ नोव्हेंबर १८१९ ला मेरी ॲन जन्मली ते साउथ फार्म इस्टेटीच्या खाजगी हद्दीत, ते विसरा. आर्बरी हॉल, न्यूडिगेटांचा वाडा, मात्र वर्षातले मोजके दिवस, बहुधा बँक हॉलिडेला (तिकडच्या सार्वजनिक सुट्टीला) उघडतो. तारखा बघूनच तिकीट काढा. छताकडे मान वर करून बघा: पांढऱ्या गिलाव्याची अशी बारीक जाळी, की लेसच वाटावी. बापाच्या घोडागाडीतून हिंडणाऱ्या पोरीनं हा थाट पाहिला, वाटेत कुळांची घरंही पाहिली. पुढे इथलं ग्रंथालयही तिला खुलं झालं. मला तर तिची खरी शाळा ही फेरीच वाटते.

ग्रिफ हाउस गावाच्या दक्षिणेला, कॉव्हेंट्रीच्या रस्त्यावर. बसनंच जा, चालायला रस्ता फार वर्दळीचा. तान्ही असताना ती इथं आली, एकविसाव्या वर्षापर्यंत राहिली. आता तिथं हॉटेल आहे. १८३६ मध्ये आई गेली, शाळा सुटली, दुभत्याचं काम अंगावर आलं. लोणी-चीज करून तिचा एक हात दुसऱ्यापेक्षा रुंद झाला, असं सांगतात. त्याच दिवसांत जर्मन-इटालियनही शिकत होती!

चिल्व्हर्स कोटनच्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. आईवडील तिथंच पुरलेले. १९४१ च्या बाँबहल्ल्यात चर्च पडलं, ते जर्मन युद्धकैद्यांनी पुन्हा बांधलं. जिनं जर्मन ग्रंथांचे अनुवाद केले तिच्या चर्चच्या नशिबी हे यावं, गंमतच. रिव्हर्सली पार्कातल्या संग्रहालयात तिच्या वस्तू आहेत; वेळा आधी तपासा.

वेळ उरला तर कॉव्हेंट्रीच्या फोल्सहिलमध्ये बर्ड ग्रोव्ह. भावाचं लग्न होऊन ग्रिफ त्याच्याकडे गेल्यावर, १८४१ मध्ये बापलेक इथं आले, आणि पुढच्याच जानेवारीत तिनं चर्चला जायला साफ नकार दिला. घर बाहेरूनच बघायचं, पाच मिनिटांचं काम. त्याच्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करू नका.