डिस्क पुन्हा निघेल का? आधी ती का बंद झाली ते शोधा

आवडत्या चित्रपटाची डिस्क बाजारातून गेली की आपण म्हणतो, "कोणीतरी काढायला हवी." पण ती कशामुळे गेली हे कळलं, तर दोन वर्षं थांबायचं की वीस, याचा बराच अंदाज बांधता येतो. माझं ठाम मत आहे की आर्टहाउस (कलात्मक) चित्रपट रीळ कुजल्याने अडतात त्याहून जास्त वेळा कागदपत्रांनी अडतात.

सगळ्यात साधं कारण म्हणजे परवान्याची मुदत. लेबल, म्हणजे डिस्क काढणारी कंपनी, काही चित्रपट विकत घेत नाही. एका प्रदेशापुरते, ठराविक वर्षांसाठी (बरेचदा पाच ते सात) डिस्कचे हक्क घेतं. मुदत सरली की उरलेला साठा खपवायला थोडे महिने मिळतात, मग छपाई बंद. २०१० मध्ये स्टुडिओकॅनाल या फ्रेंच हक्कदार कंपनीकडचे परवाने संपले आणि क्रायटेरियन या अमेरिकी लेबलची 'द थर्ड मॅन'ची डिस्क अशीच गेली. चित्रपट मात्र दुसऱ्या लेबलकडून लगेच आला. हक्कदार जिवंत, धंद्यात आणि विकायला तयार असेल, तर ही आशा सर्वांत भक्कम.

संगीताचं प्रकरण त्याहून चिवट. एका गाण्याचे दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. दोन्ही बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांकडे. जुन्या करारांत फक्त चित्रपटगृह आणि टीव्ही लिहिलेलं, कारण घरी बघायच्या डिस्कची कल्पनाच तेव्हा नव्हती. चार्ल्स बर्नेटचा 'किलर ऑफ शीप' दहा हजार डॉलरच्या आत तयार झाला होता, पण त्यातल्या गाण्यांचे हक्क सोडवायला दीड लाख डॉलर लागले आणि तो रीतसर वितरणात यायला २००७ उजाडलं. चित्रपटात ओळखीची रेकॉर्ड वाजत असेल, तर श्रेयनामावलीतली गाण्यांची यादी आधी वाचा. कोंडी बहुतेकदा तिथेच असते.

वारस आणि बुडालेले वितरक हा तिसरा प्रकार. ज्यां युस्ताशचा 'द मदर अँड द होअर' १९७३चा. हक्क कुटुंबाकडे होते आणि चांगली, रीतसर प्रत मिळणं कित्येक दशकं जवळजवळ अशक्य होतं. वाटाघाटी जुळल्यावर मात्र सगळं भराभर झालं: २०२२ मध्ये कान महोत्सवात नवी प्रत, २०२५ मध्ये क्रायटेरियनची डिस्क. वितरक बुडतो तेव्हा गुंता वाढतो. न्यू यॉर्कर फिल्म्स ही अमेरिकी वितरक कंपनी २००९ मध्ये बंद पडली, कारण तिचा सगळा संग्रह मालक कंपनीच्या कर्जापोटी तारण होता. अशा वेळी हक्क कोणाकडे गेले हे शोधण्यातच वर्षं जातात.

मूळ साहित्यच खराब असेल तर? तेही असाध्य नाही. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीची निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली. इटलीतल्या बोलोन्यात त्या ठिसूळ पट्ट्यांना पुन्हा ओलावा देऊन, सांधून जेवढं वाचलं तेवढं स्कॅन केलं, उरलेलं इतर प्रतींमधून भरलं, आणि २०१५ मध्ये डिस्क आली. पण त्यामागे ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या फिल्म आर्काइव्हसारखी संस्था उभी होती. फारसं नाव नसलेल्या दिग्दर्शकासाठी तसं कोणी उभं राहत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता नवी डिस्क येणार असल्याच्या खुणा. नवं रिस्टोरेशन (जुन्या चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत) बहुधा आधी महोत्सवात दिसतं: मे महिन्यात कान क्लासिक्स, जूनअखेरीस बोलोन्याचा 'इल चिनेमा रित्रोवातो', सप्टेंबरात व्हेनिस क्लासिक्स. मग डीसीपी (पडद्यावर दाखवायची डिजिटल प्रत) चित्रपटगृहांत फिरते आणि त्यानंतर डिस्क. मधला काळ दीड-दोन वर्षांचा धरा, पण त्यावर पैज लावू नका. एडवर्ड यांगच्या 'अ ब्रायटर समर डे'चं रिस्टोरेशन २००९ मध्ये झालं, क्रायटेरियनची डिस्क २०१६ मध्ये. रिस्टोरेशनच्या श्रेयपाटीवर, ती सुरुवातीला असो वा शेवटी, हक्कदार आणि पैसे देणारे कोण ते बहुधा लिहिलेलं असतं. ती पाटी टिपून ठेवा.

दुसरी पक्की खूण ब्रिटनच्या सेन्सॉरची, म्हणजे बीबीएफसीची नोंद. तिथे डिस्कलाही प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी मिनिटांच्या हिशेबाने पैसे मोजावे लागतात. त्यामुळे उगाच कोणी अर्ज करत नाही. नोंदीतली लांबी नीट बघा. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांचा दिसला तर ती बहुधा पॅल (युरोपातल्या जुन्या टीव्हीच्या) पद्धतीची जुनी प्रत आहे: सेकंदाला २४ फ्रेम्सऐवजी २५ पळवल्याने लांबी चार टक्क्यांनी घटते आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. नवी प्रत असेल तर मिनिटं मूळ लांबीशी जुळायला हवीत.

लेबलला लिहायचं असेल तर "कृपया काढा" एवढंच लिहू नका. मुख्यतः मध्य आणि पूर्व युरोपचे चित्रपट काढणाऱ्या सेकंड रन या ब्रिटिश लेबलला जपानी चित्रपटासाठी गळ घालण्यात फारसं हशील नाही. चित्रपटाचं मूळ भाषेतलं नाव, साल, कोणती आवृत्ती (लांबीसकट), हक्कदाराचं नाव आणि नवी डीसीपी कुठे दाखवली गेली, हे पाच ओळींत लिहा. जुन्या डिस्कच्या सबटायटल्समध्ये कुठे चुका आहेत किंवा कुठली गाणी अनुवादाविना सोडली आहेत, हे ठाऊक असेल तर तेही. अशा पत्राने त्यांचं अर्ध्या दिवसाचं शोधकाम वाचतं.

तोवर जुनी, वापरलेली डिस्क घ्यायची तर विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागा. छापील डिस्क चंदेरी किंवा सोनेरी दिसते. जांभळट झाक म्हणजे घरी किंवा मागणीनुसार बर्न केलेली डीव्हीडी-आर. तिच्यातला रंगद्रव्याचा थर वर्षांगणिक फिका पडतो. हातात आल्यावर ती दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके किंवा कडेने आत सरकलेला ढगाळ डाग दिसला तर धातूचा थर गंजायला लागला आहे. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या डिंकाने चिकटवलेल्या, आणि हवा शिरते ती त्या सांध्यातूनच. म्हणून केसमधून काढताना मधली कळ दाबा, डिस्क वाकवून उपटू नका. ती उभी ठेवा, २० अंश सेल्सियसच्या आत आणि ५० टक्क्यांहून कमी आर्द्रतेत. वर कागदी लेबल चिकटवू नका.

मग चालवून बघा. कॅमेरा आडवा फिरतो तिथे थांबवा. कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या तर प्रत इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत विभागलेली. आणि एक सावधगिरी: डिस्कवर बहुधा प्रदेशाचं कुलूप असतं, दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्रावर ती चालत नाही. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा प्रदेश पाचच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. फोरके डिस्कना प्रादेशिक कुलूप नसतं. बऱ्याच साध्या ब्लू-रेला ए, बी, सी असं असतं.

नवी डिस्क जाहीर झाली की ती किती क्षमतेची आहे ते विचारा. २३७ मिनिटांचा चित्रपट ५० जीबीवर सबंध पसरला तर सेकंदाला साधारण २८ मेगाबिट मिळतात, २५ जीबीवर जेमतेम १४, आणि त्यातूनच आवाज आणि पुरवण्यांची जागा जाते. कृष्णधवल, दाणेदार फिल्मला हा फरक लगेच जाणवतो. दाणे चौकटी-चौकटींत गोठतात.

आणि नवी आली म्हणून जुनी विकून टाकू नका. भाष्याचा ट्रॅक, मुलाखती, पुस्तिका हे जुन्या लेबलचं असतं, चित्रपटाच्या हक्कांबरोबर ते येत नाही. काही नव्या रिस्टोरेशनमध्ये सगळ्या चित्राला पिवळसर-हिरवट झाक आलेली दिसते. पांढरा शर्ट किंवा बर्फ असलेली एकच फ्रेम दोन्ही डिस्कवर थांबवून शेजारी ठेवा. जुन्यात पांढरं पांढरं राहिलं असेल, तर ती डिस्क रंगांचा पुरावा म्हणून जपायची.